दोन चाके, एक कुटुंब

काही विद्या अशा असतात, की त्या एकदा अंगवळणी पडल्या म्हणजे जन्मभर साथ सोडत नाहीत. पोहणे ही त्यांपैकी एक आणि सायकल चालविणे ही दुसरी. वीस वर्षे सायकलीला हात न लावलेला गृहस्थही पुन्हा सीटवर बसला, तर दोन-चार वेळा डगमगून सरळ चालू लागतो. या विद्येला पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही आणि प्रमाणपत्रही नाही. ती घरातच शिकली जाते. कुणाला वडील शिकवितात, कुणाला थोरली ताई, तर कुणाला सुट्टीत आलेला मामा. शिकविणाराचे नाव मात्र शिकणारा कधीही विसरत नाही.

अलीकडे ही घरगुती शाळा काहीशी ओस पडू लागली आहे. सायकल घरात येते, वाढदिवसाच्या दिवशी तिला फुगे बांधले जातात, छायाचित्रे निघतात आणि काही महिन्यांत ती जिन्याखाली धूळ खात उभी राहते. आई-वडिलांना वेळ नाही, मुलांना शिकवण्या आहेत आणि रस्त्यांचे तर नावच काढायला नको, अशी कारणे सांगितली जातात. ती खोटी नाहीत. तरीही या लेखाच्या निमित्ताने एका अशा गावात डोकावू या, ज्याची ओळख पोलादामुळे असली, तरी ज्याचे दैनंदिन जीवन दीर्घकाळ सायकलीच्या दोन चाकांवर चालले. ते गाव म्हणजे छत्तीसगडमधील भिलाई.

पोलादनगरीतील सायकलींचा ओघ

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि दुर्ग शहराजवळील भाताच्या शेतांमध्ये एक नवे नगर आकार घेऊ लागले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यासाठी देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. म्हणूनच भिलाईला ‘मिनी इंडिया’ असे कौतुकाने म्हटले जाते. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे हे गाव नागपूरहून फारसे दूर नाही. त्यामुळे विदर्भातून आलेली अनेक मराठी कुटुंबेही येथे स्थिरावली. गणेशोत्सवात आरतीच्या वेळी त्यांची आजही गाठ पडते.

या नगराची आखणी क्रमांक दिलेल्या सेक्टरांमध्ये झाली. सेक्टरातच शाळा, बाजार, खेळाचे मैदान आणि दुतर्फा झाडी असलेले अंतर्गत रस्ते. घर ते कारखाना, घर ते शाळा, घर ते सिव्हिक सेंटर ही अंतरे पायी जाण्यास थोडी अधिक, परंतु सायकलीला अगदी नेमकी! पोलाद कारखान्याची भट्टी रात्रंदिवस धगधगती ठेवावी लागते, म्हणून काम तीन पाळ्यांत चालते. पाळी बदलण्याच्या वेळी कारखान्याकडे जाणारा आणि तेथून परतणारा सायकलींचा ओघ हे त्या काळातील भिलाईचे एक ओळखीचे दृश्य होते. हँडलला अडकविलेला डबा, कॅरिअरवर पावसाळी कोट आणि अंधारात डायनॅमोचा मिणमिणता दिवा घेऊन कामगार घरी परतत.

हीच सायकल रविवारी कुटुंबाचे वाहन होई. पुढच्या दांडीवर छोटी सीट बसवून त्यावर धाकटे मूल, मागे कॅरिअरवर पत्नी आणि हँडलला भाजीची पिशवी, असा चौघांचा (पिशवीसह!) प्रवास चाले. आज तो धोकादायक वाटेल, आणि गर्दीच्या रस्त्यावर तो आहेच. परंतु त्या एका सायकलीने कित्येक संसारांना बाजार, दवाखाना आणि नातलग यांच्याशी जोडून ठेवले.

सायकल ही त्या काळी खरोखरच एक मालमत्ता होती. सरकारी नोकरांना ती घेण्यासाठी खास अग्रिम रक्कम मिळत असे आणि पगारातून ती हप्त्याहप्त्याने वळती होई. केंद्र सरकारी सेवेतील हा सायकल-अग्रिम सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर, म्हणजे २०१६ मध्ये इतिहासजमा झाला. एका अर्थाने दोन चाकांच्या एका युगावर तेव्हा सरकारी शिक्का उमटला.

‘कैंची’चे दिवस

वडिलांची सायकल हीच त्या पिढीतील मुलांची शाळा होती. लहान मुलांची वेगळी सायकल घेणे बहुतेकांना परवडत नसे. मोठ्या सायकलीच्या सीटपर्यंत पाय पोचत नसत. मग मुले दांडीच्या खालून, त्या लोखंडी त्रिकोणातून पाय पलीकडे घालीत आणि तिरपी होऊन अर्धे अर्धे पायडल मारीत. महाराष्ट्रात याला ‘हाफ पायडल’ म्हणतात, तर हिंदी मुलखात ‘कैंची’. ज्यांच्या घरी तीही सोय नसे, ते तासाच्या भाड्याने सायकल आणीत आणि त्या तासातील प्रत्येक मिनिट वसूल करीत. गुडघे फुटत, चेनमध्ये पायजमा अडके; पण चार-आठ दिवसांत विद्या हस्तगत होई.

या ‘कैंची’च्या प्रकारात एक शास्त्र दडलेले होते. मुलांचे पाय जमिनीच्या जवळ असत आणि पडण्याआधी टेकता येत. त्यामुळे भीती कमी राही आणि पायडलाच्या आधी तोल शिकला जाई. आजचे तज्ज्ञ मुलांना सायकल शिकविण्याची जी पद्धत सांगतात, तिचे मर्म नेमके हेच आहे.

सायकल उभी का राहते?

छत्तीसगडात हरेलीचा सण मोठ्या उत्साहाने साजरा होतो. आपल्याकडे ज्या दिवशी दिव्यांची अवस असते, त्याच दिवशी तेथील शेतकरी नांगर-अवजारांची पूजा करतात आणि मुले बांबूच्या ‘गेंडी’वर चढून चिखलातून चालतात. गेंडीवर चढलेल्या मुलाकडे लक्ष देऊन पाहावे. ते एका जागी स्थिर उभे राहू शकत नाही. सारखे पाऊल पुढे-मागे टाकीत राहते, आणि त्या हालचालीतूनच त्याचा तोल साधतो. थांबले, की पडले!

सायकलीचेही तसेच आहे. चालती सायकल डावीकडे झुकू लागली, की पुढचे चाक किंचित डावीकडे वळते आणि सायकल पुन्हा झुकणाऱ्या भाराच्या खाली येते. उजवीकडे झुकली, तर उजवीकडे. तळहातावर काठी उभी धरताना काठी जिकडे कलेल तिकडे आपण हात नेतो, तसाच हा प्रकार आहे. फिरत्या चाकाच्या गुणधर्मामुळेच सायकल उभी राहते, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. मात्र नेदरलँड्स व अमेरिकेतील संशोधकांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एका विशेष सायकलीचा प्रयोग प्रसिद्ध केला. फिरत्या चाकाचा तो परिणाम काढून टाकल्यावरही ती सायकल स्वतःचा तोल सावरू शकत होती. झुकण्याच्या दिशेने वळणे, हेच या साऱ्याचे मुख्य सूत्र ठरते.

हे सूत्र ध्यानात आले, की पालकांकडून प्रेमापोटी घडणाऱ्या दोन गोष्टी का टाळाव्यात, हेही कळते. पहिली म्हणजे मुलाचे हँडल धरून चालणे. हँडल आपण घट्ट धरले, तर ते झुकण्याच्या दिशेने वळूच शकत नाही. ज्या हालचालीतून मूल तोल शिकणार, तीच आपण रोखून धरतो. दुसरी म्हणजे मागच्या चाकाला जोडलेली आधाराची दोन छोटी चाके. त्यांच्यावर सायकल झुकतच नाही, म्हणून मूल पायडल मारायला शिकते, पण तोल शिकत नाही. पुढे ती चाके काढली, की शिकवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते.

शिकविण्याची सोपी रीत

सायकलीच्या पूर्वजाची गोष्ट येथे आठवते. १८१७ मध्ये जर्मनीतील कार्ल ड्राइस यांनी दोन चाकांचे एक लाकडी वाहन बनविले. त्याला पायडल नव्हते. बसून दोन्ही पायांनी जमीन मागे रेटीत पुढे जायचे. मानवजात प्रथम तोल शिकली आणि पायडल मारायला नंतर शिकली. आपल्या मुलालाही त्याच क्रमाने शिकवावे.

पहिली पायरी सीटची. दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकतील, इतकी सीट खाली घ्यावी. शक्य असल्यास दोन्ही पायडले काढून ठेवावीत. ती काढताना एक गोष्ट लक्षात असू द्यावी: उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे असतात, पण डाव्याचे उलटे. म्हणजे डावे पायडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविल्यावर सैल होते. हे ठाऊक नसल्यास कोपऱ्यावरील सायकल दुरुस्तीवाल्याकडे हे काम दोन मिनिटांत होते.

दुसरी पायरी ब्रेकची. सायकल चालू करण्याआधी थांबवता आली पाहिजे. मुलाला सायकल हातात धरून चालायला लावावे आणि ‘थांब’ म्हणताच दोन्ही ब्रेक हलकेच एकत्र दाबायला सांगावे. हा खेळ दहा-पंधरा वेळा झाला, की मुलाच्या मनातील निम्मी भीती ओसरते. कारण वेग आपल्या मुठीत आहे, याची त्याला खात्री पटते.

तिसरी पायरी घसरत जाण्याची. अगदी सौम्य उताराचे, मोकळे मैदान निवडावे. मूल पायांनी रेटीत पुढे जाईल, मग थोडा वेळ पाय उचलील, पुन्हा टेकवील. पाय उचलल्यावर किती आकडे मोजता येतात, याची पैज लावावी. आज तीन, उद्या सात, परवा पंधरा! दृष्टी चाकाकडे नको, समोरच्या झाडाकडे हवी. माणूस जिकडे पाहतो, तिकडे सायकल जाते.

चौथी पायरी पायडलाची. मूल आरामात तोल सांभाळू लागले, की पायडले पुन्हा बसवावीत. एक पायडल पुढे आणि थोडे वर ठेवून त्यावर जोर द्यायला सांगावे, म्हणजे पहिल्याच रेट्यात पुरेसा वेग मिळतो. आधार द्यायचाच असेल, तर तो मुलाच्या पाठीला किंवा खांद्यांना द्यावा. हँडल त्याचे त्याच्याकडेच राहू द्यावे. “बाबा, हात सोडू नका हं!” असे ते ओरडेल. शब्द पाळण्यासाठी सोबत धावत राहावे, हाताचा भार मात्र हळूहळू कमी करीत जावा. काही क्षणांनी मुलाच्या लक्षात येते, की हात केव्हाच सुटला आहे. तेव्हाच्या त्याच्या चेहऱ्याचे मोल कोणत्याही बक्षिसाहून मोठे असते.

एका दिवसात सारे साधावे, असा आग्रह धरू नये. रोज अर्धा तास पुरेसा आहे. मूल कंटाळण्याआधी थांबावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते स्वतःच सायकल बाहेर काढील.

मापाची सायकल

आपल्याकडे कपडे जसे वाढत्या मापाचे घेतात, तशीच सायकलही ‘पुढे कामी येईल’ म्हणून मोठी घेतली जाते. ही काटकसर महागात पडते. पाय टेकत नसलेली सायकल मुलाला घाबरविते, आणि घाबरलेले मूल ती वापरतच नाही. सर्वसाधारणपणे चार ते सहा वर्षांच्या मुलास सोळा इंची, सहा ते नऊ वर्षांच्या मुलास वीस इंची आणि त्यापुढे चोवीस इंची चाकांची सायकल योग्य ठरते. तथापि वयापेक्षा उंचीकडे पाहावे आणि मुलाला दुकानात प्रत्यक्ष बसवूनच निवड करावी. भावंडांत, शेजाऱ्यांत जुन्या सायकलींची देवाणघेवाण करण्यात कमीपणा नाही. चांगल्या सायकलीवर तीन-चार मुले सहज मोठी होतात. हेल्मेट मात्र स्वतःच्या मापाचे, भुवयांच्या वर दोन बोटे येणारे आणि हनुवटीखाली नीट बांधलेले हवे.

जाता जाता एक गमतीची नोंद. आज आपण जे हवेचे टायर वापरतो, त्यामागेही एका पित्याची माया आहे. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीचे धक्के कमी व्हावेत म्हणून रबरी नळीत हवा भरून चाकांवर चढविली आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

रस्ता कुणाचा?

मैदानात तोल साधला, तरी खरी परीक्षा रस्त्यावर असते. भिलाईत सेक्टरांतील अंतर्गत रस्ते तुलनेने शांत आहेत. परंतु सुपेला किंवा पॉवर हाऊसकडे, जी. ई. रोडच्या बाजूला, वाहतुकीची दाटी मोठ्यांनाही सांभाळून चालायला लावते. साधारण दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज नीटसा येत नाही. म्हणून तोपर्यंत मोठ्या रस्त्यावर मुलाने एकट्याने जाऊ नये. सोबत असताना मुलाला डावीकडे ठेवून आपण थोडे मागे आणि उजव्या अंगाला राहावे. आई-वडील दोघेही असतील, तर एक पुढे आणि एक मागे. वळण्यापूर्वी हात दाखविणे, चौकात उतरून सायकल हाती धरून चालणे आणि उभ्या मोटारीचे दार अचानक उघडू शकते हे ध्यानात ठेवणे, हे संस्कार प्रत्यक्ष रस्त्यावरच होतात.

येथे नेदरलँड्सचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. आज सायकलींचा देश म्हणून त्याची ख्याती आहे. परंतु १९७१ मध्ये तेथे रस्ते-अपघातांत सुमारे ३,३०० माणसे दगावली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर ‘मुलांचे बळी थांबवा’ अशी हाक देत पालक रस्त्यावर उतरले. शहरांनी वेगाला आवर घातला, सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग बांधले. तेथील शाळकरी मुले आता रहदारीच्या नियमांची परीक्षा सायकलीवर बसून देतात. रस्ते मुलांसाठी सुरक्षित झाले, ते पालकांनी तसा आग्रह धरल्यामुळे. आपल्या सेक्टरात, आपल्या सोसायटीत रविवारी सकाळी दोन तास एखादा रस्ता मुलांसाठी मोकळा ठेवण्यापासून आपणही आरंभ करू शकतो.

मुलगी शिकली, आईही शिको

भिलाईच्या आसपासच्या गावांत शाळेच्या वेळी सायकलींवरून जाणाऱ्या मुलींचे थवे दिसतात. छत्तीसगड राज्याच्या सरस्वती सायकल योजनेतून नववीत शिकणाऱ्या पात्र मुलींना सायकली दिल्या जातात. बिहारमध्ये २००६ मध्ये सुरू झालेल्या अशाच योजनेचा अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी अभ्यास केला. त्यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार माध्यमिक शाळेतील मुलींच्या पटनोंदणीत या योजनेमुळे सुमारे ३२ टक्के वाढ झाली. शाळा जेथे होती तेथेच राहिली. फक्त मुलीला तेथवर पोचण्याचे साधन मिळाले.

कौटुंबिक सायकल-फेरीत बहुधा आई दारातून हात हलवीत उभी असते, कारण तिला लहानपणी कुणी शिकविलेलेच नसते. १९९० च्या दशकाच्या आरंभी तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता चळवळीबरोबरच ग्रामीण स्त्रियांनी हजारोंच्या संख्येने सायकल शिकून घेतली होती. वरील चार पायऱ्या चाळिशीतल्या गृहिणीलाही तितक्याच लागू पडतात. नुकतीच शिकलेली लेक आईच्या पाठीला हात लावून धावते आहे, हे दृश्य ज्या अंगणात दिसेल, ते घर भाग्यवान म्हणावे.

रविवारची सकाळ

भिलाईत उन्हाळा कडक असतो. नवतपाच्या दिवसांत तर दुपारी बाहेर पडणेही नको वाटते. परंतु दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतच्या सकाळी सायकलीसाठीच घडविल्यासारख्या असतात. सेक्टरातील झाडीखालून निघावे, सिव्हिक सेंटरला वळसा घालावा. मुले सरावलेली असतील, तर भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून १९७२ मध्ये साकारलेल्या मैत्रीबागेपर्यंत जावे आणि वाघ पाहून परतावे. वाटेत टपरीवर गरम पोहे घ्यावेत. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे अंगमेहनत करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा सहलीत ती साठ मिनिटे केव्हा सरली, हे मुलांना कळतही नाही. शिवाय सायकलीवर भ्रमणध्वनी हाती धरता येत नाही. त्यामुळे घरातील माणसे एकमेकांशी बोलतात, हा लाभ वेगळाच!

गल्ल्यातून सायकल

अखेरीस थोडे बचतीविषयी. मुलाने हट्ट धरला आणि आपण त्याच संध्याकाळी सायकल आणली, तर तिची किंमत त्याला कळत नाही. त्याऐवजी सहा महिन्यांची किंवा वर्षाची छोटी आवर्ती ठेव उघडावी. खाऊचे, दिवाळीचे, आजी-आजोबांनी दिलेले पैसे मुलाने त्यात घालावेत आणि उरलेली भर आपण घालावी. रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दहा वर्षांवरील मुलांना बँकेच्या अटींच्या अधीन राहून आपले बचत खाते स्वतः चालविता येते. ज्या वयात मूल रस्त्यावर सायकल चालवू लागते, त्याच वयात ते स्वतःच्या पैशांचा व्यवहारही पाहू लागते, हा योगायोग मोठा सूचक आहे. दोन्हींत तोल लागतो, दोन्हींत ब्रेक लागतो आणि दोन्हींत घरच्या माणसाने काही काळ सोबत धावून पुढे हात मोकळा करावा लागतो.

मोठ्या पिढीने ‘कैंची’ मारून जे शिकून घेतले, ते पुढच्या पिढीच्या हाती सोपविण्यास फार काही लागत नाही. मापाची सायकल, एक मोकळे मैदान, आठवड्यातील काही अर्धे तास आणि थोडा धीर एवढे भांडवल पुरते. येत्या रविवारी जिन्याखालची सायकल बाहेर काढावी, तिच्या चाकांत हवा भरावी, चेनला तेल घालावे आणि सीट एक इंच खाली घ्यावी. मुलाला हाक मारण्याची गरज पडणार नाही. घंटीचा आवाज ऐकून ते आपणहून बाहेर येईल.